मनगटावरची खूण

माझ्या मार्गदर्शक सरांनी मला फसवलं. त्याच्या एक वर्ष आधी मी आमच्या कॉलेजच्या सभागृहात बसलेल्या चाळीसेक प्राध्यापकांना फसवलं होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींचा पुरावा एकच कागद आहे. तो सरांच्या कपाटात आहे आणि त्यावर सही माझी आहे.

माझा गुन्हा किती आणि त्यांचा किती, हे वाचणाऱ्याने ठरवावं. मी सगळं सांगणार आहे. एकच गोष्ट सांगणार नाही, आणि ती का नाही तेही सांगेन.

मी जाफराबादकडचा. वडील मजुरी करायचे, आई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची. बारावी झाल्यावर मी बैलबाजारात उतरलो आणि बारा वर्षं दलाली केली. जाफराबाद, हसनाबाद, भोकरदन, जिथे बाजार भरेल तिथे जायचं. जीपमध्ये पुस्तक उघडून बसायचो तेव्हा बाकीचे दलाल हसायचे, कलेक्टर चालला म्हणायचे. बाहेरून परीक्षा देत बी.ए. केलं, मग समाजशास्त्रात एम.ए., मग तिसऱ्या प्रयत्नात प्राध्यापकीसाठी लागणारी सेट परीक्षा. निकाल लागला त्या आठवड्यात वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला. नारळ हातात घेऊन मी भाषणात म्हणालो की आता मला कुणी अडवू शकत नाही. हे वाक्य मला अजून आठवतं आणि आठवलं की राग येतो.

कारण त्यानंतर आजपर्यंत मी जालन्यात तासिका तत्त्वावर शिकवतो. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जितके तास शिकवाल तितकंच मानधन, आणि दर वर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत. विभागप्रमुखांनी मान हलवली तर वर्ष मिळतं, नाही हलवली तर नाही. माझे विभागप्रमुख आणि माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक एकच आहेत. म्हणजे माझं घरही त्यांच्या सहीवर चालतं आणि पदवीही त्यांच्याच सहीवर अडते. बारा वर्षं बाजारात काढलेल्या माणसाने एकाच गिऱ्हाइकाच्या दावणीला दोन्ही जनावरं बांधली, ही माझी पहिली चूक.

संशोधनाचा विषय मला सरांनीच सुचवला. सर शहरातले, तीन पिढ्या शिकलेल्या घरातले. बैलबाजारात त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नाही. शेणाचा वास त्यांना सहन होत नाही, हे त्यांनीच सांगितलं होतं. पण रुमालाखालच्या सौद्याबद्दल त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, याच्यावर कुणी नीट काम केलेलं नाही, आणि तुमच्याइतका आतला माणूस दुसरा मिळणार नाही. चारचौघांत ते मला तुम्ही म्हणायचे, केबिनमध्ये तू. आणि स्टाफरूममध्ये कुणाशी ओळख करून द्यायची असली की हसत म्हणायचे, "हे आमचे दलालसाहेब." मीही हसायचो. नोकरीत हसणं धरलेलंच असतं.

रुमालाखालचा सौदा म्हणजे असा. बैल मध्ये उभा, भोवती दहा माणसं. भाव तोंडाने बोलला तर सगळ्यांना कळेल, म्हणून दोन दलाल एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि बोटांनी बोलतात. एक बोट दाबलं तर एक, पंजा धरला तर पाच, बोटाचं अर्धं पेर म्हणजे अर्धा. तोंडाने दोघं पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात. हे आमच्या भागातल्या पुष्कळ लोकांना माहीत आहे, त्यात गुपित काही नाही.

गुपित दुसरं होतं. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणाऱ्याचा दलाल वरून वेगळे दिसले तरी रोज एकत्र चहा पिणारे. विकणारा शेतकरी अडलेला असेल, घरात लग्न असेल, दवाखाना असेल, बैल आज परत नेणं त्याला परवडणार नसेल, तर त्याचाच दलाल समोरच्याला तसं कळवायचा. रुमालाखालीच. त्यासाठी एक खूण होती. ती मिळाली की घेणारा हात सोडून उठायचं नाटक करायचा आणि भाव खाली यायचा. शेतकऱ्याला वाटायचं, आज बाजारच मंदा आहे.

ती खूण मला चाचांनी शिकवली. चाचा हसनाबादचे, त्या भागातले सगळ्यात जुने दलाल. ते माझे रक्ताचे कुणी नाहीत. पण मला कुणी जवळ उभं करत नव्हतं त्या काळात त्यांनी माझा हात स्वतःच्या रुमालाखाली घेतला. खूण शिकवायच्या आधी त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, की बाजाराबाहेर ही कुणाला दाखवायची नाही. मी दिला. मी ती खूण वापरलीही. किती वेळा ते विचारू नका.

संशोधन सुरू झालं तेव्हा मी चाचांकडे गेलो आणि सांगितलं की यावर लिहून राह्यलोय. त्यांनी बाकी सगळं लिहायला परवानगी दिली. तासन्‌तास बोलले, वहीभर माहिती दिली. त्या एका खुणेपाशी आले आणि म्हणाले, ते सोडून.

मग आला चर्चेचा दिवस. आमच्या कॉलेजात एक चांगली पद्धत आहे, म्हणजे होती. ज्याचं संशोधन अर्धवट आहे त्याने ते सगळ्या विभागांपुढे मांडायचं. मसुदा आधी वाटायचा, प्रत्येक पानावर 'अपूर्ण, केवळ चर्चेसाठी' असं छापायचं आणि लोक विचारतील त्याला तोंड द्यायचं. माझ्या मसुद्यात त्या खुणेच्या जागी मी लिहिलं होतं, 'अशी एक खूण आहे, तिचं वर्णन संशोधक देऊ शकत नाही.' सरांनी ते वाचून पेन्सिलीने गोल केला. म्हणाले, सगळ्यात महत्त्वाच्या ठिकाणी भोक ठेवून कुणी मांडणी करतं का, लोक हसतील तुला आणि मला.

मी घरी आलो. आता एखादा जन्मापासून शिकलेला माणूस असता तर त्याने एक तळटीप लिहिली असती, की माहिती देणाऱ्याला दिलेल्या शब्दामुळे हा तपशील राखून ठेवला आहे. अशी सोय असते हे मला नंतर कळलं. मला फक्त बाजार माहीत होता. बैलाच्या खांद्यावर जखम असली की आम्ही त्यावर झूल टाकायचो. गिऱ्हाइकाला जखम दिसता कामा नये. दिसली की तो तिथेच बोट लावतो आणि मग चांगल्या बैलाचाही भाव पडतो. मी झूल टाकली. मुलीला ताप होता, बायको तिचं मनगट धरून बसली होती. ते बघून मला सुचलं. मी लिहिलं, 'अंगठ्याने समोरच्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोनदा दाबणे.' बाजारात असं कुणी कधी केलेलं नाही. पीएच.डी. पूर्ण होईपर्यंत काहीतरी मार्ग काढू आणि हे बदलू, असं ठरवून मी झोपलो.

सभागृहात सगळ्या विभागांचे लोक होते. प्राणिशास्त्राच्या सरांनी विचारलं की सौदा चालू असताना बैलावर काय ताण येतो याची काही मोजणी केली का. मी म्हणालो बैल बहुतेक रवंथ करत असतो. वाणिज्यवाल्यांनी दहा मिनिटं स्वतःच भाषण दिलं आणि शेवटी प्रश्न विसरले. क्रीडा संचालकांना प्रात्यक्षिक हवं होतं. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बाजाराबद्दल शिकलेली माणसं वही उघडून लिहून घेत होती.

मग राज्यशास्त्राच्या मॅडम उठल्या. त्या कमी बोलतात. त्यांनी विचारलं, "ज्याचा बैल आहे त्याला या खुणा कळतात का?"

मी म्हणालो की भावाच्या कळतात, पण अडलेपणाची कळत नाही.

"ती तुम्ही स्वतः वापरली आहे?"

"हो मॅडम."

"अशीच? मनगटावर?"

मी हो म्हणू शकत होतो किंवा नाही म्हणू शकत होतो. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? चारचौघांत लाज गेली असती, सरांनी फैलावर घेतलं असतं, पण ते एका दुपारचं होतं. मी म्हणालो, "अशीच."

संपल्यावर सरांनी सगळ्या प्रती परत गोळा केल्या. कच्चं काम आहे, बाहेर जाऊ नये, म्हणाले. एका प्रतीवर माझी सही आणि तारीख घेतली, विभागाच्या फाइलला लागते म्हणून. मला वाटलं, माझ्या कामाची किती काळजी आहे यांना. मी त्या संध्याकाळी त्यांच्यासाठी पेढे नेले होते. त्या पेढ्यांचाही मला राग येतो.

वर्षभर सर म्हणत राहिले, थांब, घाई करू नको, अजून पक्कं होऊ दे. मी थांबलो.

पुढच्या वर्षी त्याच सभागृहात सरांचं स्वतःचं व्याख्यान लागलं. एका संपादित ग्रंथात त्यांचा लेख आला होता, त्यावर चर्चा. मला त्यांनी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की प्रोजेक्टरपाशी तू बस, तुझ्याइतकं कुणाला जमत नाही. विषय काय ते सांगितलं नाही. पहिली पाटी पडद्यावर आली तेव्हा मला कळलं. दुसरी मीच बटण दाबून आणली. तिसरी, चौथी. माझ्या वहीतली वाक्यं होती, नुसती क्रियापदं सरकारी झाली होती. चाचांनी सांगितलेल्या गोष्टी 'एका वयोवृद्ध निवेदकाच्या मते' अशा आल्या. सर मान हलवायचे आणि मी बटण दाबायचो.

बाजारात माझ्या तोंडाला कुणी लागायचं नाही. माझा हात चालतो हे सगळ्यांना माहीत होतं. एकदा एका व्यापाऱ्याने वस्तीवरून शब्द काढला म्हणून मी भर बाजारात त्याचा पटका ओढला होता. तोच मी, हातात एवढंसं बटण घेऊन, खुर्चीत. उठावं आणि वायर ओढून काढावी असं दर मिनिटाला वाटत होतं. आणि दर मिनिटाला पुढचा जून डोळ्यांपुढे येत होता.

मग सर म्हणाले, "हे नुसतं सांगून कळणार नाही. आमच्या दलालसाहेबांना वर बोलावतो."

लोक हसले. मी वर गेलो. सरांनी बॅगेतून नवा पांढरा टॉवेल काढला, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. माझा उजवा हात धरला आणि वर टॉवेल टाकला. त्यांचा तळवा मऊ आणि गार होता. त्यांनी एक बोट धरलं, पंजा धरला, लोकांना समजावत गेले. मग आवाज खाली आणून म्हणाले की आता ती खूण, जी बाहेरच्या माणसाला कधीच दाखवली जात नाही. आणि माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दोनदा दाबलं.

मी त्या क्षणी काय करायला हवं होतं ते मला रोज सुचतं. तेव्हा मी उभा होतो. हात त्यांच्या हातात होता आणि चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, बरोबर आहे ना हे बघायला. मी मान हलवली. टाळ्या वाजल्या.

मॅडम पुन्हा उठल्या. म्हणाल्या, हे गेल्या वर्षी इथेच ऐकल्यासारखं वाटतं. सर अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले की विभागाचं काम सामूहिक असतं, विद्यार्थी सामग्री गोळा करतात, पण ही विशिष्ट खूण त्यांनी स्वतः अनेक बाजारांत पाहिली, त्याशिवाय त्यांनी ती लिहिलीच नसती. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेलची घडी घालत होतो.

दुपारी केबिनमध्ये गेलो. त्यांनी पाणी दिलं. मी सौदा करायला गेलो होतो आणि रीतीप्रमाणे वरून सुरुवात केली. म्हणालो लेख मागे घ्या. ते हसले. मग म्हणालो दोन नावं द्या, माझं पहिलं. मग म्हणालो दुसरं चालेल. मग तळटिपेवर आलो. प्रत्येक पायरीला ते चष्मा पुसत बसले. म्हणाले, पुढच्या लेखात बघू, तू अजून लहान आहेस या क्षेत्रात. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो.

बाजारात सौदा होतो, कारण दोघांनाही उठून जाता येतं. इथे मला उठता येत नव्हतं आणि ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. त्यासाठी त्यांना कुठलीच खूण लागली नाही.

शेवटी मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. म्हणालो, "सर, ती खूण खोटी आहे. मी घरी बसून बनवली. अशी खूण कुठल्याच बाजारात नाही."

ते थांबले. दोन-तीन श्वास जातील इतकंच. मला वाटलं, जिंकलो.

"मग तसं लेखी दे," ते म्हणाले. "तुझ्या सहीचा मसुदा माझ्याकडे आहे. बनावट माहिती मांडणाऱ्याची पीएच.डी.ची नोंदणी राहत नाही, तुला माहीत असेलच. आणि समिती विचारेल की मग खरी कोणती. सांगणार आहेस?"

त्यांनी घंटी वाजवून चहा मागवला. दोन कप.

मी हसनाबादला गेलो. चाचा आता बाजारात जात नाहीत, डोळ्यांना कमी दिसतं. ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांना आधी एकच जाणून घ्यायचं होतं.

"आपली तर न्हाई ना छापली?"

"नाही चाचा."

"मंग तुझा काय खर्चा झाला?" असं म्हणून ते इतके हसले की खोकला आला. शहरातला मोठा प्रोफेसर आणि पोरीच्या तापातली खूण, हे त्यांनी सुनेला आत हाक मारून सांगितलं.

मी म्हणालो की हसू नका, माझी पदवी अडकली आहे. मला शब्दातून मोकळं करा. खरी खूण मी लिहिली की त्यांची खोटी आपोआप उघडी पडेल.

चाचांचं हसणं थांबलं. "माझ्या एकल्याची असती तर बिलकुल दिली असती, बेटा. ज्याह्यच्यासंगं वापरली ते समदे गेले. त्यांला इचारून ये." मग म्हणाले, "आन्‌ ज्याह्यचे बैल आपुन तसे घेतले, त्यांची पोरं हायती अजून. शिकलेली हायती. वाचतील ते. तुला तोंड दाखवायचं हाय का त्यांला?"

मला नव्हतं दाखवायचं. माझ्या वर्गातच दोघं आहेत. एकाच्या बापाचा खिल्लारी बैल मी कसा भाव पाडून घेतला होता ते मला स्वच्छ आठवतं. बापाला दवाखान्यात जायची घाई होती.

म्हणून खरी खूण मी इथे लिहिणार नाही. कुणी यात माझा मोठेपणा पाहू नये. अर्धी भीती आहे आणि अर्धा शब्द आहे. बायको म्हणते, जूनची मुलाखत होऊ दे, मग काय लिहायचं ते लिही. ती असं गेली तीन वर्षं म्हणते आहे आणि तिचं बरोबर आहे. पण दर जूनला पुढचा जून असतोच. तो लेख आता विद्यार्थ्यांना वाचायला लावला आहे. मागच्या महिन्यात मी स्वतः वर्गात फळ्यावर मनगट काढून ती खूण शिकवली, कारण परीक्षेत प्रश्न येतो. पहिल्या बाकावर तो खिल्लारीवाल्याचा मुलगा लिहून घेत होता.

त्या दिवशी घरी आलो आणि हे लिहायला घेतलं. हे छापून आलं की माझे तास जातील, कदाचित नोंदणीही जाईल. मी खोटी माहिती मांडली. मॅडमनी सरळ विचारलं तेव्हाही खोटं बोललो. याची जी काय शिक्षा असेल ती मला द्या, मी समितीपुढे उभा राहीन आणि जे वर लिहिलं तेच बोलेन.

पण सर, तुमचं काय? तुमच्या लेखात 'प्रत्यक्ष निरीक्षण' असा शब्द आहे. सभागृहात तुम्ही म्हणालात की अनेक बाजारांत पाहिली. मी बारा वर्षं त्या बाजारांत उभा होतो आणि मला ती एकदाही दिसली नाही, कारण ती तिथे नव्हतीच. मग तुम्हाला कुठे दिसली? बाजार कोणता, वार कोणता, रुमाल कुणाचा होता, बैल कुणाचा होता? एक तरी सांगा. मला केबिनमध्ये नका सांगू. त्याच सभागृहात, त्याच लोकांना बोलवा, मॅडमना पहिल्या रांगेत बसवा आणि उभं राहून सांगा. आणि ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या त्यांनी उत्तर मिळेपर्यंत उठू नये.